मी न वाचलेली ओळ

माझी आई खदानीत रेजा होती. आमच्या तुमसर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात मँगनीजच्या खदानीवर टोपलं वाहणाऱ्या बाईला रेजा म्हणतात. आज हा शब्द ऐकला की लोक नाक मुरडतात. सत्तरच्या दशकात तसं नव्हतं. नाकाडोंगरीच्या बाजारात आई मासळीवालीपुढे उकिडवी बसली की मासळीवाली आधी तिच्या हातांकडे पाहायची. हातांच्या रेघांमध्ये काळं बसलेलं असायचं. ते कितीही घासलं तरी जायचं नाही. ते काळं पाहून मासळीवाली आपल्या पोरीला म्हणायची, "खदानीतली बाई आहे, हिले चांगली दे वो." आई मान ताठ करून पिशवी पुढे करायची.

माझे आईवडील खदानीत जोडीनं काम करायचे. बाप सब्बलीनं दगड फोडायचा, आई वाहायची. मी सहा वर्षांची असताना बाप छातीच्या दुखण्यानं गेला. त्यानंतर आईची जोडी शेजारच्या खोलीतल्या मावशीशी जमली. मावशी आमच्या नात्यातली नव्हती. खदानीच्या लाइनीत, म्हणजे कामगारांच्या खोल्यांच्या रांगेत, आमच्या भिंतीला तिची भिंत होती, एवढंच. तिचाही नवरा नव्हता आणि तिला एकच मुलगी होती. एक दिवस मावशी टोपलं भरून द्यायची आणि आई वाहायची, दुसऱ्या दिवशी उलट. सकाळी भोंगा व्हायच्या आधी दोघी डोक्यावर चुंबळ ठेवून एकदमच दाराबाहेर पडायच्या. कुणी कुणाला हाक मारत नसे.

मँगनीज फार जड असतं. लहानसं टोपलंही दोन हातांनी उचलताना कमरेत कळ निघते. आई ते डोक्यावर घेऊन फळीच्या उतारावरून अशी वर चढायची की हात सोडलेले असायचे. पण तिची खरी ओळख छाटणीत होती. चांगला माल आणि हलका दगड दिसायला सारखेच काळे. आई तो नुसता तळहातावर घेऊन झेलायची आणि सांगायची, हा घ्या, हा फेका. साहेबाला शंका आली तर तो तिला बोलवायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पांढऱ्या टोपीतला साहेब दगड पुढे धरून उभा आहे, आणि माझी आई पदरानं घाम पुसत त्याला "नाई साहेब, फेका" म्हणते आहे.

घरात तिचा शब्द चालायचा. कारण तो चालवायला दुसरं कुणी नव्हतं हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. पगार तिचा होता, खोली तिच्या नावावर होती. माझ्या जन्माच्या वेळी खदानीनं तिला पगारी रजा दिली होती, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आजूबाजूच्या गावांत बाया नवव्या महिन्यातही चिखलात वाकलेल्या असायच्या. "मले हाजरी मांडून घरी बसोलं होतं," ती म्हणायची. जणू सरकारनं तिचा सत्कारच केला होता.

मी शाळेत हुशार होते. मोठा भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. तो मॅट्रिकला दोनदा बसला, दोनदा नापास झाला आणि तुमसरला एका सायकलच्या दुकानात कामाला लागला. तिथे तो खुश होता. चाकाची तार पिळून तो ते कानाशी धरून फिरवायचा आणि म्हणायचा, "पाह्य, आता बोलून राहिलं." आईला मात्र ते काम वाटत नव्हतं. माझ्याबद्दल तिचं ठरलं होतं. "तू कॉलेजात जाजो. मास्तरीन होजो," ती म्हणायची. लाइनीतल्या बाया रविवारी मला बोलवायच्या, पत्र वाचायला, पत्र लिहायला. मी चौदा-पंधरा वर्षांची, पण त्या बायांच्या मध्ये बसून वाचताना मला आपण फार मोठे झालो असं वाटायचं.

मग खदानीत यंत्रं आली. आधी एक डम्पर आला. तो पाहायला आम्ही सगळी पोरं गेलो होतो. वर्षभरात आणखी आले, दगड उचलणारं मोठं यंत्र आलं, माल वाहून नेणारा पट्टा बसला. फळ्यांचे उतार काढून टाकले. बाया सकाळी हजेरी लावून मोहाच्या सावलीत बसू लागल्या. कधी रस्ता झाडायला सांगायचे, कधी झाडांना पाणी घालायला. बसून पगार मिळतो म्हणून पहिले काही दिवस त्या हसल्या. मग हसणं बंद झालं. आई घरी येऊन सांगायची, "आज दिवसभर एक टोपलं नाई उचललं." तेव्हा तिच्या आवाजात जी भीती असायची ती मला कळत नव्हती. मला वाटायचं, बरंच झालं की.

मी नववीत असताना ऑफिसच्या भिंतीवर नोटीस लागली. ज्या बाया वेळेआधी आपणहून निवृत्ती घेतील त्यांच्या जागी त्यांच्या घरातल्या एका पुरुषाला, मुलाला किंवा जावयाला, कायमची नोकरी मिळेल. कारण सांगत होते की आता तिन्ही पाळ्यांत काम चालणार, बायांना रात्रपाळीत घेता येत नाही, आणि यंत्रांवर बाया कशा चालतील? मुकादम लाइनीत घरोघर फिरला. तो वाईट माणूस नव्हता. "पोरगा लागते पक्का, अन् तुमाले बी रोजीवर बोलावू. पावसाच्या आंधी काम निघतेच," त्यानं आईला सांगितलं. आईनं दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुह्या भावाचं लगन कोन करन? सायकलवाल्याले पोरगी कोन देते?"

भाऊ जेवता जेवता थांबला. "मले नाई जायाचं खदानीत," तो म्हणाला. "मी तठी बरा आहो."

"तुह्या बापानं केलं, मी केलं. तुले काहून नाई?"

"तूच कर ना मग. तुले जमते."

आईनं त्याच्या ताटात भात वाढला. तिला जमतं हेच तर कुणी विचारत नव्हतं.

एका रविवारी सकाळी ऑफिसच्या ओसरीवर अकरा बाया जमल्या आणि मला बोलावणं आलं. फॉर्म हिंदीत होते. ऑफिसातले बाबू खुर्चीवर बसले होते. त्यांनी माझ्या हातात गठ्ठा दिला आणि म्हणाले, "पोरी, तू वाचून दाखव यांना, भरून दे. वरचं वाच. खालचं नेहमीचंच असते."

मी वरचं वाचलं. नाव, नवऱ्याचं नाव, किती वर्षं काम केलं, जागेवर कोण लागणार, त्याचं नातं. आमच्या बोलीत समजावून सांगितलं. मग खालचं मनातल्या मनात वाचलं. तिथे बारीक अक्षरात तीन-चार ओळी होत्या. त्यातली एक ओळ मला नीट कळली. हिंदी विषयात माझे चांगले मार्क असायचे. त्यात लिहिलं होतं की यानंतर ही बाई खदानीतल्या कोणत्याही कामावर हक्क सांगणार नाही, आणि रोजंदारीवरही तिला घेतलं जाणार नाही.

मी मान वर केली. बाबू घड्याळ पाहत होते. समोर आई बसली होती. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. आणि माझ्या मनात काय आलं ते मी आज लिहिणार आहे, कारण ते मी कुणालाच लिहून दिलेलं नाही. भाऊ नोकरीला लागला की मी बिनघोर मॅट्रिक करीन, मग तुमसरला कॉलेजात जाईन, असं आईनंच मला सांगितलं होतं. ही ओळ वाचली तर आई उठून जाईल. बाकीच्याही उठतील. सगळ्या माझ्याकडे पाहतील, बाबू रागावतील. मी ती ओळ वाचली नाही. पुढचा फॉर्म घेतला.

मावशी शेवटी आली. ती खाली बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं विचारलं, "बाबूजी, मले पोरगा नाई. पोरगी आहे. तिले देता का माही जागा?"

"मुलगा किंवा जावई, बाई. मुलीचं नाही."

"काहून?"

"पोरी लग्न करून जातात."

"मी काय लगन करून नाई आली अठी?" मावशी म्हणाली. "वीस वर्षं टोपलं वाहून राहिली ना?"

बाबू हसले. बाया हसल्या. मावशी हसली नाही. तिनं आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू करू नोको. तू गेली तं माही जोडी जाते." आई खाली पाहत होती. मावशी ओसरीवरून उतरून चालू लागली. आईनं शाईच्या डबीत अंगठा बुडवला. मी फॉर्म घट्ट धरला होता, कागद हलू नये म्हणून.

भाऊ दोन महिन्यांत कामावर लागला. पहिल्या दिवशी आईनं पहाटे उठून त्याच्या डब्यात भात आणि वांग्याची भाजी भरली. भोंगा झाला. मावशी शेजारच्या दारातून बाहेर पडली आणि एकटीच गेली. आई दारात उभी होती. भाऊ गेल्यावरही ती तिथेच होती. मी शाळेचं दप्तर घेऊन निघाले तेव्हा ती म्हणाली, "आता मी काय करू?" मला वाटलं, ती सकाळच्या कामाबद्दल विचारते आहे. मी म्हटलं, "भांडे घास ना."

उन्हाळा उतरणीला लागला. खदानीत पावसाच्या आधीचं काम निघालं, तेव्हा आई फाटकावर गेली. संध्याकाळी मी पाणी भरून आले तर ती चुलीपुढे बसली होती आणि चूल पेटवलेली नव्हती.

"मुकादम म्हने, तुले घेता येत नाई. तू लिहून दिलं आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "तसं लिवलं होतं का व त्याच्यात?"

मी घागर खाली ठेवली. "मले आठवत नाई, माय," मी म्हटलं.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं काडी ओढली.

त्या पावसाळ्यात ती रोवण्याला गेली. आमच्याकडे भाताच्या लागवडीला रोवणा म्हणतात. आजूबाजूच्या गावच्या बाया लहानपणापासून ते करतात. त्यांचे हात चिखलात मशीनसारखे चालतात, ओळ सरळ जाते, मागे सरकताना पाय अडखळत नाहीत. आईनं उभ्या जन्मात रोवणा केला नव्हता. लहानपणीच ती खदानीवर आली होती. ती रोपं जास्त खोल दाबायची, मागे राहायची. शेताच्या मालकिणीनं तिला ओळीच्या टोकाला, बांधाजवळ उभं केलं. तिथे लहान पोरींना उभं करतात. एक बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खदानवाल्या बाईले धानाचं काय समजते?" मी सुट्टीच्या दिवशी तिला भाकर घेऊन गेले होते. बांधावरून मी ते ऐकलं. साहेब जिला बोलावून दगडाबद्दल विचारायचा ती माझी आई गुडघाभर चिखलात उभी होती, चाळिशी गाठलेली, आणि तिला कामाचं काही समजत नाही असं तिच्यासमोर बोललं जात होतं. ती मला पाहून हसली. मला ते हसू सहन झालं नाही. मी भाकर बांधावर ठेवून लवकर परत आले.

पुढच्या वर्षी तिनं वेगळंच काही केलं. खदानीच्या मागे टाकाऊ दगडांचा डोंगर होता. डम्पर तिथे माती आणि हलका माल टाकून जायचे. आईचं म्हणणं होतं की यंत्राला छाटणी येत नाही, ते चांगला मालही फेकून देतं. ती दुपारी तिथे जाऊ लागली. दगड हातावर झेलून पाहायची आणि चांगला असेल तो वेगळ्या ढिगावर ठेवायची. घरी तिनं एकही आणला नाही. कशासाठी करत होती ते मी विचारलं नाही. आता वाटतं, दिवस जाण्यासाठीच करत असावी.

एके दिवशी नव्या चौकीदारानं तिला पकडलं. तो बाहेरगावचा होता. चोरी करते म्हणून त्यानं तिचा दंड धरून तिला ऑफिसकडे ओढत नेलं. दुपारच्या सुट्टीची वेळ होती, सगळे कामगार झाडाखाली जेवत बसले होते. भाऊही होता. तो उठला, दोन पावलं पुढे आला आणि थांबला. मावशी त्या वेळी ऑफिसचं अंगण झाडत होती. जोडी तुटल्यापासून तिला तेच काम दिलं होतं. दीड वर्षापासून तिचं आणि आईचं बोलणं नव्हतं. तिनं झाडू टाकला आणि चौकीदाराच्या आडवी उभी राहिली.

"हात काढ," ती म्हणाली. "तू जलमला नव्हता तवापासून ही अठी माल छाटून राहिली."

चौकीदारानं हात काढला. मावशीनं आईच्या हाताला धरलं आणि तिला घरापर्यंत आणलं. त्या दिवसाची तिची अर्धी हजेरी कापली गेली. त्यानंतर त्या पुन्हा बोलू लागल्या. संध्याकाळी दोघी ओट्यावर बसायच्या. काय बोलायच्या ते मला माहीत नाही, मी अभ्यासात असायचे.

भावाला साहेबानं बोलावून समज दिली. तो घरी आला, हातपाय न धुता उभा राहिला आणि म्हणाला, "माय, तू माही नोकरी घालवशीन."

"तुही नोकरी?" आई म्हणाली.

एवढंच. भाऊ खाली बसला आणि त्यानं तोंड दोन्ही हातांत धरलं. तो चांगला मुलगा होता, हे मला सांगितलंच पाहिजे. दारू त्यानं कधी प्याली नाही, आईला कधी उपाशी ठेवलं नाही. डम्परच्या आवाजानं त्याचा एक कान हळूहळू गेला. ज्या कानाशी तो चाक धरायचा तोच की दुसरा, ते मी त्याला विचारलेलं नाही.

मी मॅट्रिक पास झाले. तोवर भावाचं लग्न झालं होतं. कॉलेजचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "पाहू पुढच्या वर्षी." आई चुलीपाशी बसून ऐकत होती. पूर्वीची आई असती तर तिनं तिथल्या तिथे ठरवलं असतं आणि भावाला मान हलवावी लागली असती. आता ती त्याच्याकडे पाहत होती, तो काय म्हणतो ते कळावं म्हणून. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं.

मी आंधळगावजवळच्या एका खेड्यात सासरी गेले. तिथे काही वर्षांनी अंगणवाडी सुरू झाली आणि गावात मॅट्रिक झालेली सून मी एकटीच असल्यामुळे ते काम मला मिळालं. आई एकदा आठ दिवस माझ्याकडे राहायला आली. सकाळी माझ्याबरोबर अंगणवाडीत यायची. मुलांना गाणी शिकवताना ती मागे भिंतीला टेकून बसायची आणि खिचडीचे तांदूळ निवडायची. तोवर तिला खोकला लागला होता.

"तुही हाजरी कोन मांडते?" तिनं एकदा विचारलं.

"मीच मांडतो."

"अन् बाळंतपनाची रजा?"

"ते नाई, माय. ही नोकरी नाई म्हनतात. सेवा म्हनतात. पगार नाई, मानधन."

तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "मंग कागदावर सही केली ते सगळं वाचून केली ना?"

 मी म्हटलं, "हाव." ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. तिचा चेहरा वर झाला नाही. त्या आठ दिवसांत सांगून टाकायची मला रोज संधी होती. मी सांगितलं नाही. उद्या सांगू, जाताना सांगू, असं करत ती एसटीत बसली.

दोन वर्षांनी तिचा खोकला फार वाढला. भावानं आणि मी तिला तुमसरला एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, चांगले बोलत होते. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग कागद पुढे ओढून नाव, वय लिहिलं आणि विचारलं, "काम काय करतात?"

"काही नाही, घरीच असते," भाऊ म्हणाला.

डॉक्टरांनी ते लिहिलं. आई स्टुलावर बसून श्वास घेण्याचा प्रयत्न करत होती. मी म्हटलं, "डॉक्टर, ती खदानीत होती. वीस वर्षं. रेजा होती."

"आता?"

"आता घरी."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी आधीचं खोडलं नाही, पण त्याच्यापुढे काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. औषधं दिली, धुळीत जाऊ देऊ नका म्हणाले.

परत येताना बसमध्ये आईनं डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तू सांगतलं ते बरं केलं."  खिडकीबाहेर धान कापून झालेली रिकामी बांध्या-बांध्यांची, लहान लहान खाचरांची जमीन होती.

ती त्याच थंडीत गेली. मी पोचले तेव्हा बोलणं बंद झालं होतं. डोळे उघडे होते, मला ओळखत होते असं वहिनी म्हणाली.

मावशीला त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही. ती चौथ्या दिवशी संध्याकाळी पाळी संपवून आली. पायाला अंगणातली धूळ होती. ती पाणी न पिता बसली. तोवर खदानीत ती एकटीच रेजा उरली होती. बाकी सगळ्यांच्या जागी मुलगे, जावई होते. एका बाईच्या जावयानं नोकरी लागल्यावर तिच्या मुलीलाच माहेरी पाठवलं होतं. मावशीनं ते सांगितलं. भाऊ बाहेर लोकांमध्ये बसला होता. घरात आम्ही दोघीच होतो, आणि मी जे नऊ-दहा वर्षं पोटात ठेवलं होतं ते तिच्यापुढे बोलून टाकलं. फॉर्ममध्ये एक ओळ होती, मला ती समजली होती, मी ती वाचली नाही, आईनं विचारलं तेव्हा खोटं बोलले.

मावशीनं पायाची धूळ हातानं झटकली.

"ते तिले मालूम होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"तुह्या तोंडावरून समजलं म्हने. चुलीपाशी इचारलं तवा. मले ओट्यावर सांगतलं तिनं."

"मग मले बोलली काहून नाई?"

"मी बी तेच इचारलं. तं म्हने, पोरगी शिकून राहिली, तिले कायले बोलू? तिचं मन जागेवरून जाईन." मावशीनं पदरानं नाक पुसलं. "तू ते वाचलं असतं तरी तिनं आंगठा देलाच असता. पोरासाठी देला असता. तुले वाटते तू केलं. तू काय केलं? ते तं सारं आंधीच ठरलं होतं."

मी रडत होते. ती माझी समजूत काढायला जवळ सरकली नाही. तशीच बसून, भिंतीकडे पाहत, ती म्हणाली, "पन वाचाले पाहिजे होतं, माय. अकरा बाया होत्या. त्यायले आयकाचा हक होता."

 

मग ती आपल्याबद्दल बोलली. ती म्हणाली, त्या सकाळी ओसरीवर आईनं तिच्याकडे एकदा तरी वर पाहायला हवं होतं. जोडी मोडायची होती तर मोडायची, पण तिला सांगून मोडायची. इतकी वर्षं एकमेकींचं टोपलं उचललं होतं. "मंग बोललो आम्ही, सारं झालं. पन ते तिनं कधी काढलं नाई, अन् मी बी नाई इचारलं." तिनं गुडघ्यावर हात टेकले आणि उठली. सकाळची पाळी होती, तिला झोपायचं होतं.

मावशीनं आणखी चार वर्षं त्या ऑफिसचं अंगण झाडलं आणि वय झाल्यावर ती निवृत्त झाली. तिची जागा पुन्हा भरली नाही. मी माहेरी गेले की तिला भेटायची. ती मला चहा करून द्यायची, माझ्या अंगणवाडीतल्या मुलांबद्दल विचारायची. आईचं नाव ती माझ्यासमोर पुन्हा काढत नसे, आणि मीही काढत नसे.